विहिरीत अडकलेला मधला भाग

थांबा, मला उघडण्याआधी एवढं ऐकून घ्या. मी एक जुना मधला भाग आहे. 'जुनं पुस्तक' म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण ते अर्धंच खरं झालं असतं. पुस्तकाला सुरुवात असते, शेवट असतो. मला दोन्ही नाही, मित्रांनो! माझी सुरुवात थोरल्या भावाच्या पोटात आणि माझा शेवट धाकट्याच्या. तीन भावंडांतल्या मधल्याला विचारा एकदा, त्याचं काय होतं ते. थोरल्याचं कौतुक, धाकट्याचे लाड, आणि मधल्याला काय? 'तू जरा सरक रे तिकडं!'

आम्हा तिघांचं मिळून नाव 'वारा बांधणारं घराणं'. पहिला भाग 'गाठ', तिसरा 'उकल' आणि मधला मी, 'पीळ'. गोष्ट एका घराण्याच्या जादूची आहे. त्या घराण्यात दर पिढीला एकाच माणसाच्या हातात विद्या उतरते. त्यानं सुताला गाठ मारली की सुटलेला वारा जागच्या जागी उभा राहतो. धुळीसकट! आता या पिढीत ती कुणाकडे जाणार, यावरून घरात महाभारत. सगळे म्हणतात, चुलतभावाकडे, दुसरं कोण? आजवर मुलांकडेच गेली की. आणि ज्या शेवंतीचा तो चुलतभाऊ, ती पंधरा वर्षांची मुलगी कोपऱ्यात उभी राहून मुठीत सूत चुरगाळत असते.

पहिल्या भागात वारा सुटतो. माझ्यात तर विचारूच नका! भांडणं, वावटळी, उडालेले पत्रे, पळालेली वासरं. आणि अगदी शेवटी शेवंती एका कोरड्या विहिरीत दोरीला लोंबकळतेय, वर वावटळ घोंगावतेय, आणि काठावरून तिची आत्या जिवाच्या आकांतानं ओरडतेय,

"शेवंती, ही विद्या थोरल्याकडे जात नाही, धाकट्याकडेही जात नाही! ती जाते फक्त त्याच्याकडे, ज्याच्या—"

बस्स. संपलो मी. पुढचं 'उकल'मध्ये.

ज्याला स्वतःच्याच गोष्टीचा शेवट माहीत नाही असं कुणी पाहिलंय का तुम्ही? तो मी. छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हापासून ती दोरी माझ्या पोटात हलते आहे. मला मिटून ठेवलं तरी हलते. फळीवर ठेवलं तरी हलते.

आम्ही तिघं एकाच खोक्यातून सोलापूरला आलो. ताज्या शाईचा वास, अंगाला अंग घासलेलं. माझं शेवटचं पान आणि 'उकल'चं पहिलं पान यांच्यामध्ये फक्त दोन पुठ्ठे होते. मी त्याला सारखा विचारायचो, "सांग ना रे, ज्याच्या काय?" तर तो म्हणायचा, "वाचक सांगेल तुला." असा भाव खायचा! मला वाटलं, काय घाई आहे, आता जन्मभर शेजारीच तर राहायचंय. तिथंच चुकलो.

बाळीवेशीत धनलक्ष्मीअक्काचं वाचनालय आहे. चादरींच्या दुकानावरची माडी, एक कुरकुरणारा पंखा आणि चार भिंतींना आम्ही. अक्का घरी कानडी बोलते, वाचणाऱ्यांशी मराठी बोलते आणि पुस्तक उशिरा आणणाऱ्यांशी दोन्ही एकदम. सुरुवातीची वर्षं माझी चैनीची होती. शाळा सुटली की मुली जिन्यावरून धावत यायच्या. "अक्का, 'पीळ' आला का?" "आमचं आधी ठरलंय की!" माझ्यासाठी एकदा दोघींचं वेण्या ओढण्यापर्यंत गेलं होतं, शप्पथ! माझ्या एका पानावर शेंगाचटणीच्या तेलाचा डाग आहे, तो नेमका वावटळीच्या प्रसंगावर. म्हणजे कुणीतरी जेवता जेवता वाचत होतं आणि घास तोंडापर्यंत पोचलाच नाही. असले डाग मी दागिन्यांसारखे मिरवतो.

मग एका मे महिन्यात वैराग गावची एक मुलगी मामीकडे सुट्टीला आली. तिनं आम्हा तिघांना एका दमात वाचायला घेतलं. गुणाची पोरगी, मला बोट ओलं न करता उलटायची. पण 'उकल' तिच्या हातात असतानाच तिचे वडील न्यायला आले आणि ती गेली. 'उकल' तिच्या पिशवीत. अक्कानं मामीला विचारलं, तर मामी म्हणाली, "कुठलं पुस्तक ओ?"

संपलं. त्या दिवसापासून माझ्या शेजारी फळीवर एक फट आहे.

आणि मग सुरू झाला माझा वनवास. ज्यांनी माझं कौतुक केलं, तेच मला शिव्या घालू लागले. साखर पेठेतली रुद्राणी मला परत द्यायला आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते.

"अक्का, तिसरा कुठाय?"

"वैरागला."

"मग हा कशाला दिला ओ मला? जीव टांगणीला लावायला?"

आणि तिनं मला असं आपटलं टेबलावर, की माझी पाठ मोडली! राग नाही मला तिचा. मला हात असते तर मीही मला आपटलं असतं. पण मोडलेल्या पाठीचा मधला भाग कोण नेणार? सोलापूरचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे. माडीवरचा पत्रा तापला की चिकटवलेलं सगळं सुटतं. माझे फर्मे, म्हणजे पानांचे ते शिवलेले गठ्ठे, एकेक करून बाहेर डोकावू लागले. मला सगळ्यात वरच्या फळीवर टाकलं. तिथं धूळ, एक पाल, आणि माझ्या पोटात ती दोरी.

शेवटी एकदा अक्कानं फाटक्या पुस्तकांचं पोतं भरलं आणि विजापूर वेशीत गैबीसाबांच्या दुकानात बांधणीला पाठवलं.

गैबीसाबांचं दुकान म्हणजे एक बोळ आणि त्याला दार. आत पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, दाभण, दोऱ्याची रिळं, मैद्याच्या खळीचं पातेलं. पुस्तकं दोन्ही तऱ्हेची. एका बाजूला मदरशाचे सिपारे, म्हणजे कुराणाचे सुटे पातळ भाग, आणि मुलांची उर्दू पुस्तकं, दुसऱ्या बाजूला मराठी शाळांची आणि वाचनालयांची. आणि खिळ्याला हिरव्या फडक्यात गुंडाळून टांगलेली एक हाडाची पट्टी. कागदाची घडी घोटायची पट्टी, बाकी काही नाही. पण ती गैबीसाबांच्या आजोबांनी वापरलेली. पिढ्यान्‌पिढ्या अंगठा घासून तिच्या मधोमध एक खळगा पडला होता, बोर ठेवावं तेवढा. वेशीतले लोक म्हणायचे, "त्यांच्या घराण्यात हात उतरतो."

ऐकलंत ना, मित्रांनो? हात उतरतो! मी पोत्यातून कान टवकारले. म्हणजे पानं टवकारली. ही तर माझीच गोष्ट!

आणि खरोखरच, ती माझीच निघाली. गैबीसाबांचे हात आता कापत होते, सुईत दोरा जाईना. त्यांचा मुलगा गौस टेंपो चालवतो, त्यानं बांधणी कधीच सोडलेली. म्हणून त्यांनी ठरवलं होतं, येत्या जुम्म्याला, शुक्रवारी, नमाजेनंतर पट्टी नातवाच्या, अझरुद्दीनच्या हातात द्यायची. अझरुद्दीन मोबाइलच्या दुकानात कामाला. त्याला पट्टीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

"दादाजान, मेरेकू नक्को ना वो," तो म्हणायचा. "मैं चार्जर बेचता, वो बस है."

"नक्को क्या? हात पोट्ट्यों में उतरता. मेरे अब्बा से मेरेकू आया."

"और मेरे अब्बा कू?"

"बीच में एक पिढी चुकती कभी."

तेवढ्यात खळ ढवळता ढवळता एक आवाज यायचा, "और मेरे हातां, दादाजान?"

ही माहेनूर. अझरुद्दीनची धाकटी बहीण, मराठी शाळेत नववीला. शाळा सुटली की ती दुकानात येऊन बसायची. खळ कालवायची, दोरे कापायची, आणि गैबीसाबांनी दिलेच तर सिपाऱ्यांना पुठ्ठे लावायची. सिपारे पातळ असतात ना, बिघडायला फार काही नसतं, म्हणून तेवढंच तिच्याकडे. मराठी पुस्तकाला हात लावायचा नाही.

"तू पढ," गैबीसाब म्हणायचे. "तेरे हातां में कलम अच्छा लगता."

बोलणं प्रेमाचं, पण माहेनूरचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. अगदी कोपऱ्यातली शेवंती.

तिनं मला पोत्यातून काढलं ते नुसतं नाव वाचून. पोत्यावरच बूड टेकलं आणि सुरू. मित्रांनो, किती दिवसांनी कुणीतरी मला वाचत होतं! आणि काय वाचत होती! मध्येच उठून उभी राहायची. "अगं, धर ना दोरी!" असं शेवंतीवर खेकसायची. चुलतभावाला तर तिनं दोनदा 'येडा' म्हटलं. शेवटच्या पानावर पोचली, आत्या ओरडली, आणि माहेनूर म्हणाली, "हां? आणि?"

आणि काही नाही.

तिनं मला उलटं धरून झटकलं. पुढचं पान खाली पडेल म्हणून! एक वाळलेली माशी तेवढी पडली.

"असं कसं सोडलं हिला," ती पुटपुटली आणि माझे सुटलेले फर्मे तळहातानं सारखे करू लागली. तिची बोटं गरम होती आणि माझ्या सुटलेल्या दोऱ्याशी सारखा चाळा करत होती. मला वाटलं, ही आता काहीतरी करणार.

गुरुवारी तिनं केलंच. गैबीसाब डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेले होते, दुकान तिच्यावर सोडून. तिनं दार अर्धं ओढलं, हिरवं फडकं सोडलं, पट्टी बाहेर काढली. तिचा अंगठा खळग्यात ठेवला. बसला! बोर ठेवावं तसा.

मग तिनं मला शिवलं. जुना दोरा काढला, फर्मे लावले, दाभणानं भोकं पाडली, आणि दोरा असा ओढला, फार ताण नाही, फार ढील नाही. माझ्या मोडलेल्या पाठीतून ती सुई जात होती आणि मला, कसं सांगू, उभं राहावंसं वाटत होतं. पाठीला जाळीचं कापड, त्यावर खळ, वर पट्टीनं घोटणं, कडा कापून सारख्या करणं. नवे पुठ्ठे. आता राहिलं फक्त माझं जुनं चित्र, विहिरीत लोंबकळणाऱ्या शेवंतीचं. ते वरच्या पुठ्ठ्यावर चिकटवलं की झालं.

तिनं मला समोर ठेवलं, पाठ उजव्या हाताला करून.

मित्रांनो, उजव्या हाताला! उर्दू पुस्तकाची शिलाई उजवीकडे असते, ते उजवीकडून उघडतं. माहेनूर आजवर तसेच उघडणारे सिपारे तर बांधत आली होती. तिचा हात तिला न विचारता तसाच वळला. "अगं, तिकडं माझं शेवटचं पान आहे!" मी आतून ओरडत होतो. "उलटव मला! उलटव ना!" पण पुस्तकाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? तिनं मागच्या पुठ्ठ्यालाच पुढचा समजून त्यावर ते चित्र चिकटवलं, पट्टीनं छान घोटलं, पट्टी पुन्हा फडक्यात गुंडाळून खिळ्याला टांगली, मला शिकंज्यात घातलं आणि चाक आवळलं. चेहऱ्यावर असं हसू, की मला तिची दया आली.

ती रात्र मी शिकंज्यात काढली. एक भीती तिच्यासाठी, एक माझ्यासाठी. उद्या सगळे हसतील आणि पट्टी अझरुद्दीनकडे जाईल ही तिच्यासाठी. आणि माझ्यासाठी अशी, की चूक सुधारायची तर ते चित्र उचकटताना फाटणार, किंवा पुठ्ठे काढून मला पुन्हा बांधणार आणि माझ्या कडा पुन्हा कापणार. छापखान्यात एकदा आणि माहेनूरच्या हातून एकदा कडा कापून झाल्यात, अक्षरं काठाशी येऊन टेकलीत. आणखी एक काप बसला, तर आत्याचं ते अर्धं वाक्यही गेलं. मग माझ्याकडे उरलं काय?

जुम्म्याची नमाज झाली. गैबीसाब आणि अझरुद्दीन दुकानात आले. माहेनूर शाळेतून थेट आलेली, दप्तर खांद्यावरच. गैबीसाबांनी शिकंजा पाहिला. "ये क्या है?" म्हणत चाक सोडलं. मला बाहेर काढलं, वरचा पुठ्ठा उघडला, आणि समोर शेवटचं पान.

अझरुद्दीन आधी बघत राहिला, मग जो फुटला! "मराठी किताब कू उर्दू टोपी पहनाई! वा गे माहे, वा! इसका अब उलटाच निकाह लगाना पडेंगा!"

माहेनूरच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. "मैं करी, दादाजान. अक्काकडं मीच जाऊन सांगते."

गैबीसाब मला घेऊन खाली बसले. त्यांनी माझ्या पाठीवरून अंगठा फिरवला. मला मध्येच उघडलं आणि हात सोडला. मी सपाट पडून राहिलो, एकही पान उठलं नाही. दोन पुठ्ठ्यांना धरून त्यांनी मला झटकलं. काही हललं नाही. फक्त आतली दोरी, ती त्यांना कशी कळणार!

"सिलाई तूच करी?"

"हौ."

"और चित्र लगाते वखत पीठ किधर रखी?"

माहेनूरनं उजवा हात दाखवला.

आणि गैबीसाब हसायला लागले. आधी गालात, मग खोकला येईपर्यंत! अझरुद्दीननं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"मैं भी ऐसाच करा था गे," ते डोळे पुसत म्हणाले. "मेरा पैला मराठी किताब. शाळे का भूगोल. मास्तर बोल्या, क्या गैबीसाब, दुनिया कू उलटी बांधे क्या? मैं अब्बा कू जाके बोल्या, तो अब्बा हस्ने लगे. उनो भी पैला ऐसाच बांधे थे!" मग ते अझरुद्दीनकडे वळले. "तू करेंगा ऐसी गलती?"

"मैं कायकू करूंगा? मैं तो कभी बांध्याच नहीं."

"वोच," गैबीसाब म्हणाले.

मग त्यांनी मला माहेनूरच्या हातात दिलं. "इस में ऐसा क्या है, तू इसकेच कू बांधी? पढ जरा. मेरेकू तो अब अक्षरं दिसतेच नहीं."

ती कुठं पान शोधायला जाणार? पुठ्ठा उघडला की शेवटचंच पान. तिनं तेच वाचलं, अडखळत, नाक ओढत. दोरी. विहीर. वावटळ. आणि काठावरची आत्या. "ही विद्या थोरल्याकडे जात नाही, धाकट्याकडेही जात नाही! ती जाते फक्त त्याच्याकडे, ज्याच्या..."

ती थांबली.

"आगे?" गैबीसाब म्हणाले.

"पुढं नाही, दादाजान. तिसरा भाग हरवलाय."

"ज्याच्याकडं स्मार्टफोन हाय!" अझरुद्दीन म्हणाला.

गैबीसाबांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ते खिळ्याकडे गेले, हिरवं फडकं काढलं. अझरुद्दीननं हात मागं घेतले, अगदी दोन्ही. पण पट्टी त्याच्याकडे आलीच नाही. ती माहेनूरच्या तळहातावर आली.

"जिसके हातां खुजाते," गैबीसाब म्हणाले. "उसकेच कू जाता. लिख वहां."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या पोटातली दोरी पहिल्यांदा थांबली. अगदी गाठ मारलेल्या वाऱ्यासारखी. माझ्या खऱ्या धाकट्या भावाच्या पोटात काय छापलंय मला माहीत नाही. पण हे उत्तर मी माझ्या डोळ्यांनी घडताना पाहिलं.

माहेनूरनं मात्र माझ्यावर काही लिहिलं नाही. वाचनालयाच्या पुस्तकावर लिहितात का! ती मला घेऊन अक्काकडे गेली आणि चूक सांगितली. अक्कानं मला उघडलं. "अय्यो शिवा, हे उलटं की गं!" मग शेवटचं पान वाचलं, पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. "पुन्हा बांधायचं तर कापावं लागंल?"

"व्हय. कडेची अक्षरं जातील."

"मग राहू दे असाच. आमची पोरं तरी कुठं सरळ वाचतात? सगळी आधी शेवटच बघतात."

आता मी समोरच्या फळीवर असतो. जो मला उघडतो तो धाडकन विहिरीत पडतो! आधी दचकतो, मग विचारतो, आणि अक्का त्यालाच विचारते, "सांग बघू, ज्याच्या काय?" रुद्राणी परवा म्हणाली, "ज्याच्या डोक्यात राग मावत नाही!" एक छोटा म्हणाला, "ज्याच्या आईला आधी कळतं." रोज नवा शेवट. आणि फाटकी पुस्तकं आता माहेनूरकडे जातात. ती प्रत्येक पुस्तक ठेवताना एकदा थांबते, बोट नाचवते, 'डावीकडे' असं स्वतःला बजावते आणि मगच चित्र चिकटवते.

पण खोटं कशाला बोलू? दोरी पुन्हा हलते. माझ्या शेजारची ती फट अजून तशीच आहे आणि मी अजून मधलाच आहे. म्हणून माझं एक मागणं आहे. वैरागच्या ताई, तू आता मोठी झाली असशील. तुझ्या कपाटात, माळ्यावर, गादीखाली कुठं 'उकल' असेल तर त्याला एसटीत बसवून दे ना. तुला कुणी रागावणार नाही. अक्का दोन भाषांत रागावेल, पण लगेच चहा करेल. आणि बाकीच्यांनो, तुमच्याही घरात कुणाचा तरी तिसरा भाग असतोच. वाचून झाला की पोचवा. तुमच्यासाठी ते एक पुस्तक असतं, पण इकडे कुणीतरी दोरीला लोंबकळत असतं.

मी वाट बघतो. दोरी कितीही हलू दे, शिलाई सुटायची नाही. ती माहेनूरनं घातली आहे.